सांगणाऱ्याचं पोट

वाचकहो, बसला असाल तर सावरून बसा आणि काही खात असाल तर हातातला घास खाली ठेवा. नागपूर शहराच्या इतिहासात ज्या घटनेची कोणीही दखल घेतली नाही, ती मी आज संपूर्ण जबाबदारीने जाहीर करतो आहे. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कचेरीत, एका मंगळवारी, दुपारच्या चहाच्या वेळी, बडे बाबूंनी आलुबोंडा परत पाठवला.

अर्धा खाऊन नव्हे. गार होता म्हणूनही नव्हे. अख्खा, गरम, सोबतची तळलेली मिरची जागच्या जागी असलेला आलुबोंडा त्यांनी बशीसकट दूर सारला आणि चपराशाला म्हणाले, "घेऊन जाय. आजपासून बंद."

चपराशी बशी हातात धरून तसाच उभा राहिला. टायपिस्टची बोटं यंत्रावर थांबली. बडे बाबूंनी आजवर या कचेरीत प्रवासभत्त्याची बिलं परत पाठवली होती, रजेचे अर्ज परत पाठवले होते, एकदा खुद्द साहेबांचं पत्र व्याकरण सुधारून परत पाठवलं होतं. खाण्याची वस्तू कधीच नाही.

मी हळूच विचारलं, "बडे बाबू, कोणी गेलं का?"

"अजून नाही," ते म्हणाले. "पण डॉक्टर म्हणते का मी जाईन."

बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसाखेरीज कोणी वापरत नसे. देह असा, की सरकारी खुर्चीचे दोन्ही हात त्यांनी सुताराकडून कापून घेतले होते, आणि त्या कापलेल्या हातांची नोंद 'वापरास अयोग्य' म्हणून रीतसर करून घेतली होती. काम एकच : दौऱ्यावर जाणाऱ्यांची प्रवासभत्त्याची बिलं तपासायची. तीस वर्षं हे काम करून त्यांचा माणसावरचा विश्वास पार उडाला होता आणि त्या जागी एक अफाट आनंद आला होता. एक निरीक्षक दर महिन्याला बैलगाडीचं भाडं लावायचा. बडे बाबूंनी त्याला समोर बसवून शांतपणे विचारलं, "बैल कोणत्या रंगाचा होता गा?" तो म्हणाला, "पांढरा." पुढल्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न. तो विसरला होता, म्हणाला, "तांबडा." बडे बाबूंनी लाल पेन्सिल उचलली आणि बिलावर लिहिलं, 'बैलाचा रंग उडाला आहे. खुलासा करावा.'

ते म्हणायचे, "कागद खोटं बोलत नाही गा. कागद आणणारा बोलते."

तर झालं होतं असं. बडे बाबूंना हर्निया झाला होता. मांडीच्या सांध्याजवळ सुपारीएवढी गाठ येऊन पुन्हा आत जायची. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या सर्जननी तपासलं आणि सांगितलं, "ऑपरेशन करावं लागेल. पण या वजनावर मी हात लावणार नाही, टाके धरणार नाहीत. दहा-बारा किलो उतरवा आणि मग या. तोवर जोरात शिंकू नका, खोकू नका, मोठ्यानं हसू नका. आतडं अडकलं तर जिवाशी गाठ आहे." आणि काय खावं, काय खाऊ नये याचा एक कागद लिहून दिला.

इथे एखादा साधा माणूस घरी जाऊन तो कागद पाळायला लागला असता. बडे बाबूंनी तो कचेरीत आणला, टेबलावर सरळ केला आणि लाल पेन्सिल काढली. शेरा मी स्वतः वाचला आहे : 'सदर सल्ला देणाऱ्याने स्वतः पाळलेला दिसत नाही. परत.'

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय? त्या डॉक्टरचं पोट पाह्यलं का तू? माझ्याहून बोटभर पुढं आहे. खुर्चीतून उठतानी आधी पोट उठते, मग डॉक्टर उठते. त्यानं मले सांगावं, भात खाऊ नका? आधी सांगणाऱ्याचं पोट पाहा, मग त्याचं ऐका. हा आपला कायदा."

"पण बडे बाबू, तो शिकलेला माणूस आहे."

"शिकलेला आहे म्हणून तर खाऊन राहिला. त्याले माहीत आहे का काही होत नाही."

या युक्तिवादाला तोड नव्हती. पण मला त्यांच्या डोळ्यांत एक गोष्ट दिसली, जी त्यांच्या बोलण्यात नव्हती. ते घाबरले होते. बोलता बोलता त्यांचा डावा हात टेबलाखाली जाऊन त्या गाठीवर बसायचा, जसा माणूस गर्दीत खिशावर हात ठेवतो.

त्या दिवसापासून कचेरीत हसण्यावर बंदी आली. लेखी आदेश नव्हता, पण बडे बाबूंच्या टेबलापासून दहा हातांत कोणी विनोद करायचा नाही, असं ठरलं. माझ्यावर केवढा प्रसंग आला, याची कल्पना करा. मी त्या कचेरीत फाइली फिरवण्यासाठी होतो हे खरं, पण माझी खरी नेमणूक लोकांना हसवण्याची आहे असं माझं प्रामाणिक मत होतं. आता मी समोरून आलो की बडे बाबू एक हात वर करायचे आणि दुसरा गाठीवर ठेवायचे. "तू बोलू नको. तुझं तोंड पाह्यलं तरी मले धोका आहे."

आणि तरीही त्यांनी पंच म्हणून निवडलं ते मलाच. कारण कायदेशीर होतं. "तू नुसता हाडाचा. तुले वजन कमी करायचं नाही, वाढवायचं नाही. तुझं यात काही हित नाही. चाल."

कुठं? तर सल्ला देणाऱ्यांची पोटं पाहायला.

त्या काळात माहितीचा दुष्काळ होता असं कोणी म्हणत असेल तर त्याला नागपूर माहीत नाही. वजन कमी करायचं आहे, एवढा एक शब्द बडे बाबूंच्या तोंडून बाहेर पडायचा अवकाश, की सगळं शहर आहारशास्त्रात पारंगत निघालं. रविवारच्या पुरवण्यांत लेख होते. कॅलेंडरच्या मागच्या पानावर उपाय होते. रेडिओवर दुपारी कोणी बाई कडू रस प्यायला सांगत. न्हावी हजामत करता करता सांगायचा, एसटी स्टँडवर पातळ कागदाच्या पुस्तिका मिळायच्या, आणि नातेवाईक तर काही न विचारता सांगायचे. एक म्हणे भात सोडा. दुसरा म्हणे भात कशाला, पोळी सोडा. तिसरा म्हणे सगळं खा, फक्त उभं राहून खा.

बडे बाबू प्रत्येक सल्ला बिलासारखा तपासायचे. कात्रणं टेबलावर पसरलेली असायची आणि त्यांवर लाल शेरे. 'आधार जोडावा.' 'सक्षम अधिकाऱ्याची सही नाही.' 'लिंबू किती, मोठे की लहान, स्पष्ट करावे.' नरखेडकडचे एक बागवाले पाहुणे म्हणाले, "पंधरा दिवस नुसती संत्री खा, अंग कसं हलकं होते पाहा." बडे बाबू त्यांना वाटेला लावून आले आणि मला म्हणाले, "बाग त्याची, संत्री त्याची. तो काहून म्हणन का केळी खा? हितसंबंध. रद्द."

उलट इतवारीतला एक मिठाईवाला त्यांना फार पटला. तो गादीवर बसून म्हणाला होता, "बाबूजी, मिठाई बिलकुल छोड दो." स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलणारा साक्षीदार! बडे बाबूंना गहिवरून आलं. "असा माणूस कोर्टात मिळत नाही गा." ते त्याला नमस्कार करून निघणार तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "तुमी स्वतः खात नाही ना?" तो म्हणाला, "मैं कैसे खाऊँगा? मैं तो बनते हुए देखता हूँ." बडे बाबू चार पावलं चालले, थांबले आणि गाठीवर हात ठेवून आभाळाकडे बघत कितीतरी वेळ श्वास घेत राहिले. हसू आवरत होते बिचारे.

आता यात एक अडचण होती, आणि ती बडे बाबूंच्या कायद्यात धरलेली नव्हती. सांगणाऱ्याचं पोट पाहायचं म्हणजे त्याच्या घरी जावं लागतं. आणि नागपुरात कोणाच्या घरी गेलं की घरची बाई नुसत्या पाण्यावर परत पाठवत नाही. धरमपेठेत एक निसर्गोपचारवाले होते. ते मातीच्या पट्ट्या आणि उपवास यांवर तासभर बोलले. तोवर आतून त्यांच्या घरच्यांनी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणला. बडे बाबू म्हणाले, "आमाले पथ्य आहे." बाई म्हणाल्या, "यायचं नका ऐकू भाऊ, हे मले रोज ऐका लागते. गरम आहे, घ्या." नाही म्हटलं तर त्या माउलीचा अपमान. महालात एक योगासनं शिकवणारे होते, त्यांच्याकडे सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, झाली. सदरला एक निवृत्त कंपाउंडर काढा सांगायचे, त्यांच्याकडे चिवडा आणि वर काढा झाला. मी पंच म्हणून सगळीकडे बरोबर खात होतो. मला पुरावा गोळा करायचं काम इतकं आवडलं की रविवार कधी येतो याची मी वाट पाहू लागलो.

"बडे बाबू," मी एकदा म्हणालो, "आपण उपास शिकायला जाऊन जेवून येऊन राहिलो."

"तपासाचा खर्च आहे हा," ते म्हणाले. "तपास पूर्ण झाल्यावर बंद होईन."

वजन मोजण्याचीही त्यांची पद्धत होती. रेल्वे स्टेशनवर पैसा टाकून वजनाचं तिकीट देणारं यंत्र होतं, पण तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं असे. "जे यंत्र मले सांगते का परदेशगमन आहे, त्याच्या वजनावर कसा विश्वास ठेवू?" म्हणून आम्ही आधी लाकडाच्या टालावर जायचो. तिथं सरपण तोलायचा मोठा काटा होता. त्यावर बडे बाबू बसायचे, टालवाला वजनं चढवायचा आणि आकडा सांगायचा. मग तिथून कॉटन मार्केटजवळच्या कापसाच्या अडत्याकडे. पुन्हा बसायचं, पुन्हा तोलायचं.

"दोनदा काहून?" मी विचारलं.

"लाकूडवाला विकते. त्याचा काटा वजन जास्त दाखवणारच. कापूसवाला विकत घेते. त्याचा काटा कमी दाखवणार. खरं वजन दोघांच्या मधात." ते इतक्या खात्रीनं म्हणाले की टालवाल्याकडे बघून मला त्याचीच दया आली. टालवाला म्हणाला, "बाबूजी, सब के सामने ऐसा मत बोलो."

पण या दोन काट्यांचं आयुष्यात कधी नव्हे ते एका गोष्टीवर एकमत झालं. लाकडाच्या काट्यावर बडे बाबू वाढले होते. कापसाच्या काट्यावरही वाढले होते.

त्या दिवशी मी त्यांना घरी सोडायला गेलो. काकू, म्हणजे बडे बाबूंच्या पत्नी, दारातच उभ्या होत्या. सर्जनच्या कागदाची त्यांनी दुसरी प्रत करवून घेऊन स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला चिकटवली होती, शेऱ्याशिवाय. आकडा ऐकून त्या मटकन ओट्यावर बसल्या.

"वाढलं?" त्या म्हणाल्या. "अवो, तुमाले वजन कमी करायचं आहे का पंचनामा? डॉक्टरनं सरळ सांगतलं, ते करा ना चुपचाप!"

"तू समजून नाही राहिली वं. डॉक्टरचं पोट..."

"त्याच्या पोटाशी मले काय करायचं आहे? मले तुमच्या पोटाशी करायचं आहे!" मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला. "भाऊ, रात्री हे खोकलले का मी उठून बसते. यायले काही झालं तर मी कोणावर शेरा मारू?"

चपला काढताना बडे बाबू वाकले, हात गाठीवर गेला आणि तसेच क्षणभर थांबले. मग मला म्हणाले, "एक राहिला आहे. तेवढा पाहू. त्याच्यावर भागलं नाही तर डॉक्टरचा कागद."

हा जो राहिलेला, तो आमच्या तपासातला सर्वांत मोठा माणूस होता. शहरातल्या एका दैनिकात दर रविवारी 'पथ्य आणि प्रकृती' नावाचं सदर यायचं. लिहिणाऱ्याचं नाव नसायचं, खाली फक्त 'अनुभवी'. बडे बाबूंच्या लाल पेन्सिलीतून सहीसलामत सुटलेला तो एकटा लेखक. कारण तो काही विकत नव्हता. ना काढा, ना माती, ना संत्री. भाषा ठाम. 'ज्याने जीभ जिंकली त्याने देह जिंकला', असली वाक्यं. बडे बाबू ती मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "हा माणूस असन सुतळीसारखा."

छापखान्यात कोणाचा तरी मेहुणा होता. त्याच्याकडून पत्ता काढायला महिना गेला. अनुभवी धंतोलीत राहायचे. एका रविवारी सकाळी आम्ही सायकलरिक्षा करून तिथं पोचलो. बडे बाबूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. देवदर्शनाला निघाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

दार उघडलं, आणि बडे बाबूंनी माझा दंड घट्ट धरला.

समोर उभा असलेला गृहस्थ खुंटीवर टांगलेल्या बनियनसारखा होता. पोट नव्हतंच. पोटाच्या जागी किंचित खड्डा होता. बडे बाबू भारावून म्हणाले, "महाराज, जरा आडवे उभे राहता का?" तो बिचारा गोंधळून आडवा वळला. बाजूनं तर तो दिसतच नव्हता.

"पाह्यलं?" बडे बाबू माझ्या कानात म्हणाले. "याले म्हणते पुरावा."

आम्ही बसलो. बडे बाबूंनी हात जोडून सगळी हकिकत सांगितली. गाठ, सर्जन, दहा-बारा किलो, काकूंची झोप. मग म्हणाले, "आता तुमी एवढं सांगा. तुमी स्वतः काय घेता? सकाळपासून सांगा."

"सकाळी पोहे," अनुभवी म्हणाले.

"किती?"

"दोन प्लेटा. तर्री मारून. मग चहासोबत दोन आलुबोंडे."

बडे बाबूंच्या कपाळावर आठी आली. "आणि दुपारी?"

उत्तर आतून आलं. "दुपारचं नका विचारू भाऊ!" अनुभवींच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "वडाभात केला का वडे मोजा लागत नाही, परात पुसा लागते. वरून तेल. रात्री दूध, केळी, तूप. आणि अंगाले काही लागत नाही. शेजारपाजारचे म्हणतात, मीच यायले उपाशी ठेवून राहिली!"

"लहानपणापासून असाच आहे मी," अनुभवी खजील होऊन म्हणाले. "खूप उपाय केले. वाढतच नाही."

"मग तो लेख?" बडे बाबूंचा आवाज बारीक झाला होता.

"लेख होय? तो संपादकानं गळ्यात टाकला. मी आधी तिथं राशिभविष्य लिहीत होतो. मग भविष्याले एक ज्योतिषी मिळाले, खरे. तर संपादक मले म्हणाले, तुमी पथ्य घ्या. रद्दीतून जुनी मासिकं आणतो. ज्या आठवड्यात जे हाती लागलं ते लिहितो. एकदा भात वाईट, एकदा पोळी वाईट. कोणाची तक्रार नाही."

"आणि 'अनुभवी'?"

"ते नाव भविष्याच्या वेळचं आहे. तेच चालू ठेवलं."

मी बडे बाबूंकडे पाहिलं नाही. पाहण्याची माझी हिंमत नव्हती. तेवढ्यात अनुभवींनी आपली खुर्ची पुढे ओढली. बडे बाबूंच्या पोटावरून त्यांची नजर अतिशय आदरानं फिरली, आपली जशी एखाद्या देवळाच्या कळसावरून फिरते तशी. आवाज हळू करून ते म्हणाले, "राग येणार नसन तर एक विचारू का? हे तुमी कसं कमावलं? नेमकं काय खाल्लं? मी लिहून घेतो, थांबा." आणि त्यांनी खरोखर पेन काढलं. "पुढल्या रविवारी तेच टाकतो. 'वजन कसे वाढवावे.' तुमच्यासारखा माणूस मिळायले नशीब लागते."

बडे बाबूंनी आधी श्वास रोखला. गाठीवर दोन्ही हात दाबले. गाल फुगले, कान लाल झाले. मग त्यांचे खांदे हलू लागले. तीन महिने आवरून धरलेलं सगळं एकदम सुटलं : संत्रीवाले पाहुणे, बनताना पाहणारा मिठाईवाला, दोन काटे, एकूण एक. मी त्यांना असं हसताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, आवाज नाही, नुसता देह गदगदत होता. अनुभवी हसू लागले, त्यांच्या पत्नी हसू लागल्या, मी तर जमिनीवर बसलो होतो.

आणि मग ते थांबले. एकदम, भिंतीवरचं घड्याळ बंद पडावं तसे.

"बडे बाबू?"

"अडकलं," ते म्हणाले.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण ते भराभरच झालं. तीच सायकलरिक्षा दारात उभी होती. अनुभवी पायात चपला न घालता एका बाजूनं धावत होते, मी मागून ढकलत होतो. बडे बाबू दोन्ही हात गाठीवर ठेवून, डोळे मिटून बसले होते. वाटेत त्यांचं घर लागलं. काकू तांदूळ निवडत होत्या, त्या तशाच उठून रिक्षात बसल्या. त्यांनी आपला हात बडे बाबूंच्या हातांवर ठेवला, आणि दवाखाना येईपर्यंत तो काढला नाही.

सर्जनना घरून बोलावलं. ते रविवारचं जेवण अर्ध्यावर टाकून आले होते. बडे बाबूंना स्ट्रेचरवर निजवलं होतं, ते खालून वर बघत होते, आणि मी सांगतो, त्या जागेवरून त्यांना सर्जनचा चेहरा दिसणं अशक्य होतं. आधी पोट, मग बराच वेळ पोट, आणि क्षितिजापलीकडे चष्मा. त्यात सर्जनच्या अंगठ्याच्या नखात सावजी रश्श्याचा लाल रंग अजून होता. बडे बाबूंची नजर त्या नखावर खिळली. एवढ्या वेदनेतही त्यांनी त्याची नोंद घेतली, हे मी शपथेवर सांगू शकतो.

सर्जननी गाठ दाबून पाहिली आणि चेहरा गंभीर केला. "आता थांबता येणार नाही. वजन असो नसो. लगेच घ्यावं लागेल." नर्सनं संमतीचा कागद पुढं केला. "इथं सही."

मी पेन दिलं. बडे बाबूंनी कागद छातीवर घेतला, आणि सही केली.

वाचला नाही. मागचं पान उलटलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं न वाचता सही केली होती. काकूंच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं तुम्हाला नीट ऐकू येणार नाही. टाके धरले. बडे बाबू त्यानंतर अनेक वर्षं खुलासे मागत राहिले. अनुभवींनी 'वजन कसे वाढवावे' लिहिलं नाही. आणि बडे बाबूंचं वजन नंतर उतरलं ते काकूंनी उतरवलं, साखरेच्या डब्यावरच्या त्या कागदाबरहुकूम, कोणाचंही पोट न पाहता.

पण त्या वेळी यातलं कोणालाच माहीत नव्हतं. स्ट्रेचर आत न्यायला दोघं पुढे आले. सभोवती शिकाऊ डॉक्टर उभे होते, नर्स होती, दारात अनवाणी अनुभवी होते, भिंतीकडे तोंड केलेल्या काकू होत्या. सर्जन हात धुवायला वळले, आणि वळता वळता त्यांना राग आला. खरा राग, ज्याला आपला रोगी हातचा जाईल अशी भीती वाटते त्याचा.

"एक सांगा मला," ते सगळ्यांसमोर गरजले. "तीन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला इतकं स्पष्ट सांगितलं होतं. लिहून दिलं होतं. जिवाला धोका आहे म्हणालो होतो. तरी तुम्ही वजन उतरवलं नाही. का? का नाही उतरवलं?"

बडे बाबूंनी डोळे उघडले. खोटं बोलायला आता वेळ नव्हता. त्या पोटाकडे खालून वर पाहत ते खणखणीत आवाजात बोलून गेले,

"तुमच्याकडं पाहून वाटलं साहेब, येवढं चालत असन!"